खाडीच्या बांधावरचं भांडण

गावच्या सणाच्या सकाळी मी देवाकडे एक मागणं मागितलं. तसं मागणं कुणी मागू नये. पण मी ते पूर्ण शुद्धीत, दात आवळून मागितलं. "आता पुरे झालं. एक तर हिला ने, नाहीतर मला ने." तेव्हा माझे दोन्ही हात साबणाच्या फेसात होते, मनगटावर ताजा चिमटा लालबुंद झाला होता, आणि जिला ने म्हणून मी सांगत होते ती माझी सासू मोरीत स्टुलावर बसून माझ्याकडे परक्यासारखी बघत होती.

आमचं गाव माहीम आणि केळवे यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. नारळ-सुपारीची वाडी, थोड्या पानवेली, आणि खाडीकडे भाताची खाजणं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं. गावात पोर्तुगीजांच्या वेळचं चर्च आहे. आमच्याकडची जुनी माणसं त्याला अजून देऊळच म्हणतात. माझा नवरा बोईसरला एका कंपनीत शिफ्टवर जातो. आला की झोपतो, उठला की वाडीत शिंपायला जातो. माणूस वाईट नाही, पण घरात असूनही नसल्यासारखा. सासूला सगळे माय म्हणतात, मीही तेच म्हणते. मी वसईकडून लग्न करून आले तेव्हा ही माय कडक बाई होती. भातलावणीत माझी ओळ वाकडी गेली तर चारचौघींत लावलेलं उपटून काढायची. मी केलेलं कालवण आधी कुत्र्याला घालते की काय अशा नजरेने बघायची. तिच्याबद्दल माझ्या मनात प्रेम होतं असं मी इथे खोटं लिहिणार नाही.

आठ वर्षांपूर्वी ती विसरायला लागली. आधी चाव्या, मग माणसं, मग शी-शू. भाताची मूठ उशीच्या अभ्र्यात लपवून ठेवायची. मला रोज विचारायची, "बाय, तू कोनाची?" मी सांगायचे, आणि अर्ध्या तासाने पुन्हा विचारायची. आंघोळ घालायला गेलं की चिमटे काढायची, चावायची. हे सगळं मी केलं. देवळातल्या बायका रविवारी मिस्सा संपल्यावर माझा हात धरून म्हणायच्या, "तुजी सर्गात जागा पक्की हाय बाय." मी हसायचे. मनात म्हणायचे, मग तुम्ही का येत नाही एक दिवस? तुम्हाला नको का जागा? पण तोंडाने कधी बोलले नाही. सोसणाऱ्या बाईला गावात मान असतो, आणि खरं सांगायचं तर तो मान मला सोडवत नव्हता.

या रागाचं मूळ मात्र मायमध्ये नव्हतं. ते मला पुष्कळ उशिरा कळलं. तीन वर्षांपूर्वी माझी स्वतःची आई वसईला आजारी पडली. पोटाचा कॅन्सर होता. मी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना केली, उपास केले. मला फक्त चार दिवस तिच्याजवळ जाऊन राहायचं होतं. मीरा रोडला राहणाऱ्या धाकट्या दिराला मी फोन केला की चार दिवस मायला बघा. तो म्हणाला, सुट्टी नाही वहिनी, विनीचंही ऑफिस हाय, पुढल्या आठवड्यात बघू. विनी म्हणजे माझी धाकटी जाऊ. पुढला आठवडा आला तेव्हा मी वसईला गेले, पण माती द्यायला. त्या दिवशी दीर आणि विनी दोघं आले होते मायजवळ बसायला. मातीला सुट्टी मिळते, हे मला तेव्हा समजलं. तेव्हापासून मी देवळात जात होते, गुडघे टेकत होते, तोंडाने माळेची प्रार्थना म्हणत होते, आणि मनात देवाशी अबोला धरला होता.

सणाला घर भरलं. दीर आणि विनी आदल्या दिवशीच आले होते. घरात फुग्यांचा, म्हणजे आमच्या सणाच्या तळलेल्या गोल पावांचा, आणि मटणाचा वास सुटला होता. सकाळी मायची आंघोळ चालू असताना विनी दारात आली. नवी साडी, केसांत गजरा. मायने मला चिमटा काढला, मी तिचा हात जरा जोरात बाजूला केला. विनी म्हणाली, "वहिनी, जरा मायेने करा ना. म्हातारी माणसं लहान लेकरासारखी असतात." आणि गेली. ती वाईट मनाने बोलली नव्हती, पण मी दात आवळले. त्याच वेळी मी ते मागणं मागितलं.

नऊ वाजता मी तयार झाले. दीर म्हणाला, "वहिनी, तुमी जा मिस्सेला. मी बगतो मायला." तो ओटीवर फोन घेऊन बसला होता. माझ्या नवऱ्याला मिरवणुकीत देवमातेच्या मूर्तीला खांदा द्यायचा होता, तो आधीच गेला होता. मी गेले. खरं म्हणजे मला मिस्सा नको होती, मला फक्त त्या घरातून दोन तास बाहेर पडायचं होतं. सगळी मिस्सा मी बाकावर दगडासारखी बसले. फादर प्रवचनात सांगत होते की देवमातेने "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" असं म्हटलं. मी मनात म्हटलं, तिला विचारलं तरी होतं, मला कोणी विचारलं?

मिस्सा संपली, घंटा सुरू झाली, बँड लागला, मिरवणूक देवळाला वळसा घालून रस्त्यावर आली. मी मागच्या रांगेत चालत होते, तोच विनी उलट्या दिशेने धावत आली. गजरा सुटून खांद्यावर लोंबत होता.

"वहिनी, माय घरात नाय!"

"नाय म्हंजे?"

"हे फोनवर होते. मी चुलीपाशी. मागलं दार उघडं हाय. किती वेळ झाला ते बी कळत नाय."

त्या क्षणी मला जे वाटलं ते लिहायला माझा हात अडतो. सगळ्यात आधी वाटलं, ऐकलं त्याने. मी सकाळी मागितलं ते त्याने ऐकलं. 

माणसं जमली. माय गेले काही दिवस समुद्राचं बोलत होती, म्हणून सगळे किनाऱ्याकडे धावले. कोणी वाड्यांतल्या विहिरी बघायला गेले. माझ्या नवऱ्याने मूर्ती दुसऱ्याच्या खांद्यावर दिली आणि तोही पळाला. दुपारची भरती होती, पाणी चढायला लागलं होतं. बँडवाल्यांना कोणी काही सांगितलं नसावं, ते वाजवतच होते. मी मात्र किनाऱ्याकडे गेले नाही. मी उलटी, खाडीच्या बाजूला चालू लागले. मला काही आतून सुचलं होतं किंवा कोणी दिशा दाखवली, असं मुळीच नाही. मला माणसं नको होती, एवढंच. ज्या दिराने फोनवर बोलताना आई हरवली त्याचं रडं ऐकायचं नव्हतं. मला एकटीला कुठे तरी जाऊन ओरडायचं होतं.

खाजणाच्या टोकाला, बांध खाडीला लागतो तिथे एक जुना दगडी क्रूस आहे. खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून पूर्वजांनी असे क्रूस जागोजागी उभे केलेले आहेत. भाताची कापणी झालेली, शेतात वाल पेरलेला, पलीकडे तिवरांचं दाट रान आणि त्याच्या मुळांत चढत जाणारं गढूळ पाणी. चिटपाखरू नव्हतं. मी त्या क्रूसासमोर उभी राहिले. गुडघे टेकले नाहीत, डोक्यावर पदर घेतला नाही.

आणि मी तोंड सोडलं.

"तुला कान हायेत का नाय? माजी आई मरत होती तवा नऊ दिवस घसा कोरडा केला मी, तवा बहिरा होतास! चार दिवस मागितले होते फक्त, चार दिवस! ते नाय दिलेस. आनि आज सकाळी रागात एक शब्द काय बोलले, तो लगेच ऐकलास? असा कसला रे देव तू? मला खुनी बनवलंस! ये ना, खाली ये आनि बग माज्या तोंडाकडं!"

याच्या पुढेही मी पुष्कळ बोलले. आठ वर्षांत जे गिळलं होतं ते सगळं बाहेर आलं. दिराला शिव्या, नवऱ्याला शिव्या, देवळातल्या बायकांना शिव्या, पण जास्तीत जास्त त्यालाच. काही शब्द असे होते की ते मला येतात हेही मला माहीत नव्हतं. माझा आवाज फाटला, कानात घूं घूं व्हायला लागलं. मग दम घ्यायला थांबले.

तेव्हा तिवरांतून हाक आली.

"ए बाय! कोन हाय तिकडं? हिकडं ये! लवकर ये!"

मी क्रूसाकडेच बघितलं. वेड्यासारखी. मग पुन्हा हाक आली, बाईची, बसलेल्या घशाची. मी बांधावरून खाली उडी मारली. पहिल्याच पावलाला चिखलात गुडघ्यापर्यंत गेले. तिवराच्या मुळांना धरत, ओरबाडत आत शिरले. फार लांब नव्हतं, पण बांधावरून जन्मात दिसलं नसतं.

माय तिथे होती. मांड्यांपर्यंत गाळात रुतलेली, पाणी छातीला लागत आलेलं. तिच्या मागे एक वारली बाई उभी होती. तिने मायच्या काखांतून हात घालून तिला वर धरलं होतं. तीही कमरेपर्यंत पाण्यात. तिची चिंबोऱ्यांची टोपली बाजूला फांदीला अडकवलेली होती.

मला बघताच ती बाई माझ्यावरच खेकसली. "कवापासून वरडतंय मी! तुमचा बेंड थांबंल तर कोनाला आयकू येल ना! घसा बसला माजा!"

ती चिंबोऱ्या पकडायला आली होती. मायला चिखलात चालत येताना तिने पाहिलं, हाका मारल्या, तोवर माय रुतली होती. तिने एकटीने ओढून पाहिलं, जमलं नाही. मदत आणायला जावं तर म्हातारी पाण्यात तोंडावर पडणार. म्हणून ती तशीच धरून उभी राहिली. पाणी चढतंय हे तिलाही दिसत होतं. आणखी थोडा वेळ गेला असता तर काय केलं असतंस, असं मी तिला पुढे विचारलं. ती म्हणाली, "ते मी इचारच केला नाय. धरलं होतं, सोडायचं कसं?"

आम्ही दोघींनी हातांनी मायच्या पायांभोवतीचा गाळ उपसला. उपसला की पुन्हा भरायचा. मी सणाची साडी सोडली, परकरावर उभी राहिले, ती साडी आणि तोडलेल्या फांद्या चिखलावर पसरल्या आणि मायचं डोकं पाण्याच्या वर धरून तिला त्यांवर मागे रेलवलं. एक पाय सुटला. दुसरा सोडवायला मी मायला छातीशी घट्ट धरून ओढत होते, तोंड तिच्या गालाला लागलं होतं. आणि तेव्हा मायने माझ्या हाताचा कडकडून चावा घेतला.

मला हसू आलं. त्या चिखलात, त्या चढत्या पाण्यात, मी मोठमोठ्याने हसले आणि त्याच सुरात रडले. ती जिवंत होती. होती तशीच होती. देवाने ती गरीब करून, गोड करून परत दिली नव्हती. पण मी खुनी झाले नव्हते. त्या बाईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मागून रड गो. आता वड!"

दुसरा पाय सुटला. त्या बाईने मायला पाठंगुळीला घेतलं आणि बांधावरून घरापर्यंत आणलं. मी परकरावर, चिखलाने माखलेली, सगळ्या गावासमोरून मागे चालले. मला कसलीच लाज वाटली नाही.

घरी एकच गलका झाला. डॉक्टर आले, त्यांनी मायला तपासलं, खरचटण्यापलीकडे काही नव्हतं. गरम पाणी, कोरडे कपडे, चहा. दीर मायच्या पायांशी बसून रडत होता, "देवानं वाचवलं, देवानं वाचवलं." उपकाराची मिस्सा कधी सांगायची याचं बोलणं सुरू झालं. आणि मी बघितलं तर ती बाई मागच्या अंगणात, न्हाणीच्या भिंतीला टेकून ओल्या लुगड्यात कुडकुडत उभी होती. तिच्या हातात कोणीतरी कागदी कपात चहा दिला होता, आणि पिशवीत बांधलेले फुगे.

बांधावर जे बोलले ते देवाशी होतं. यावेळी माणसांशी बोलले. मी तिला हाताला धरून पुढच्या ओटीवर आणलं, माझी कोरडी साडी दिली आणि सणाचं ताट वाढलेल्या टेबलावर पहिल्या खुर्चीवर बसवलं. मग दिराला म्हटलं, "देवानं वाचवलं म्हंता ना? देव मागल्या दारी उभा होता. तुमी त्याला पिशवी देऊन घालवत होता."  मी पुढे म्हटलं, "आनि आजपासून मी एकटी नाय करनार. तीन महिने हिकडं, एक महिना तुमच्याकडं. तुमची सुट्टी, तुमचं ऑफिस, मला सांगू नका. आनि तुमी," मी नवऱ्याकडे वळले, "शिफ्ट नसंल त्या दिवशी आंघोळ तुमी घालायची."

 मला वाटलं, आता नवरा चिडेल. तो म्हणाला, "तू आदी कवा बोललीच नाय." ते खरं होतं. आईच्या वेळचा तो एक फोन सोडला, तर मी कधीच कोणाकडे काही मागितलं नव्हतं. त्या फोनवरही मी, जमलं तर बघा, अशाच सुरात बोलले होते. बाकी सगळी वर्षं मी गप्प राहिले आणि माझं दुःख कोणी ओळखत नाही म्हणून जळत राहिले.

पुढल्या शनिवारी मी कुमसाराला, म्हणजे फादरपुढे पापं कबूल करायला गेले. देवाला शिव्या दिल्या हे सांगितलं, सकाळचं मागणंही सांगितलं.  फादर हळूच म्हणाले, "आणि मग तिवरांतून हाक आली?" मी म्हटलं, "होय."  शेवटी त्यांनी पापक्षमा दिली, पण प्रायश्चित्त सांगायला ते विसरले. मीही आठवण केली नाही.

त्या बाईचं नाव लाडकी. तिचा पाडा आमच्यापासून चार-पाच मैलांवर, टेकडीच्या पायथ्याशी आहे. पावसाळ्यात तिथे थोडी नागली, भात होतो. पुढे घरातली पुरुषमाणसं कामाला बाहेर जातात. महिनाभराने मी तिच्याकडे गेले. तिने चटई टाकली, काळा चहा केला. बोलता बोलता तिने विचारलं, "त्या दिशी तू कोनाशी भांडत व्हतीस गो? मला वाटला, नवऱ्याशी. पन मानूस तर कोन दिसला नाय."

मी म्हटलं, "देवाशी भांडत होते."

"मंग? तो काय बोलला?"

"काय नाय बोलला."

लाडकी चहा ओतता ओतता म्हणाली, "तो बोलला नाय, म्हनून मी बोलले."

एवढं सहज बोलून तिने साखर पुरे का म्हणून विचारलं. 

याला चमत्कार म्हणावं की नाही, हे मला ठरवायचं नाही. मी खाडीकडे रागाने गेले, श्रद्धेने नव्हे. मनातल्या मनात प्रार्थना केली असती तर ती लाडकीला ऐकू गेली नसती, आणि तिची हाक मला. लहानपणापासून मला शिकवलं होतं की देवाला शरण जायचं म्हणजे गप्प बसायचं, मान खाली घालायची. मी मान खाली घातली होती, पण शरण गेले नव्हते. माझा राग मी त्याच्यापासूनसुद्धा लपवून ठेवला होता, घरातली नासकी वस्तू पाहुण्यांपासून लपवावी तसा. त्या बांधावर मी तो पहिल्यांदा त्याच्यापुढे आणून ओतला. त्याने तो घेतला, आणि वर मला शिक्षा केली नाही. यासाठी मी त्याची ऋणी आहे. आईच्या त्या चार दिवसांबद्दल मात्र मी त्याला अजून माफ केलेलं नाही, आणि हे मी त्याला रोज तोंडावर सांगते. आमचा अबोला संपला आहे.

या महिन्यात माय मीरा रोडला आहे. परवा सकाळी विनीचा फोन आला. आवाज इतका बारीक की मला कळेना. ती बाथरूममध्ये कडी लावून बसली होती, नळ सोडून. "वहिनी, माय चावली मला. तीन रात्री झोप नाय. मला हिचा राग येतो वहिनी, इतका राग येतो... मी फार वाईट हाय का हो?" बाहेर घरात कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून ती शब्द गिळत होती.

मी म्हटलं, "आदी नळ बंद कर. आनि हळू बोलू नको, मोठ्यानं बोल. मी आयकतेय."

क्षणभर पाणी वाहतच राहिलं. मग बंद झालं, आणि विनी मोठ्याने रडायला लागली. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने पिशवीत दोन साड्या भरल्या. दुपारच्या गाडीने मी तिच्याकडे निघाले.